माहेरच्या पिशवीतली बाटली

भाऊबीजेहून परत निघताना माहेरची पिशवी कशी भरते, हे ज्या बाईचं माहेर खेड्यात आहे तिला सांगायला नको. माझं माहेर शिंदखेडे तालुक्यातलं. धुळ्याला एस.टी. बदलायची आणि पारोळा, एरंडोल मागे टाकत जळगावला उतरायचं. मांडीवर ती पिशवी. त्यात भुईमुगाच्या शेंगा, कळण्याचं पीठ, वहिनीनं उन्हाळ्यात करून ठेवलेल्या बिबड्या, चार वांगी. २००६ सालच्या दिवाळीत या सगळ्यांच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लहानशी बाटलीही होती.

तिचं असं झालं, की गप्पांच्या ओघात मी आमच्या अंगणाचं रडगाणं गायले होते. जळगावला आमचं घर बैठं. पुढं आठ-दहा कुंड्या, मागं दोन गुलाब, एक लिंबू, जास्वंद आणि वांग्याची सात-आठ रोपं. त्या वर्षी गुलाबाच्या कळ्या माव्यानं काळवंडल्या होत्या आणि वांग्याचे शेंडे माना टाकत होते. धाकट्या भावानं ऐकून घेतलं, उठला, कोठीत गेला आणि कपाशीवर फवारून उरलेलं काहीतरी एका रिकाम्या तपकिरी बाटलीत ओतून घेऊन आला. "ताई, हाई लई जाय. एक फवारामा समदी कीड मरी जाई." भावानं बहिणीला ओवाळणीत साडी दिली आणि वर हे दिलं. त्यात माया होती, दुसरं काही नव्हतं.

घरी आल्यावर मी पिशवी रिकामी केली. शेंगा डब्यात, पीठ पिंपात, वांगी टोपलीत. आणि बाटली? ती मी मागच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. तिथं आमच्या घरातली सगळी औषधं असत: सासूबाईंची दम्याची, यजमानांची रक्तदाबाची, बाम, खोकल्याचं पातळ औषध. भाऊ म्हणाला होता 'औषध'. माझ्या हातानं ते औषधांच्या जागी नेऊन ठेवलं. त्या वेळी मनात काही विचार होता असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

चार-पाच दिवसांनी रात्री भारनियमनाचे दिवे गेले. त्या वर्षांत खानदेशात दिवे किती तास असत यापेक्षा किती तास नसत हेच मोजलं जाई. सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. मला कशाला उठवायचं, म्हणून त्या भिंत चाचपत स्वतःच मागच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं अंधारातून त्यांचा शांत आवाज आला, "अगं, हे औषध नासलंय का? वास कसा येतोय बघ."

मी काडी ओढली. त्यांच्या उजव्या हातात चमचा होता, भरलेला. ओठांपासून वीतभर दूर.

काही झालं नाही. चमचा मोरीच्या कडेला ठेवला, त्यांचे हात साबणानं दोनदा धुतले, लुगडं बदलायला लावलं. पदरावर दोन थेंब पडले होते. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. पुढं नऊ वर्षं त्या आमच्यात होत्या, पण या गोष्टीचा उच्चार त्यांनी एकदाही केला नाही. आणि म्हणूनच ती माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाटलीत काय होतं?" मला सांगता येईना. भावाला फोन केला, तर त्यालाही धड सांगता येईना. दोन डब्यांतलं उरलेलं एकत्र केलं होतं म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "मग रात्री तुम्ही त्यांना इथं आणलं असतं, तर मी अंधारातच हात चालवला असता." कपाशीवरच्या फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, छाती भरून येते, त्यावर अॅट्रोपिन हे इंजेक्शन आहे. पण एंडोसल्फानसारख्या विषावर असा हुकमी उतारा नाही, लक्षणं पाहून झुंजावं लागतं. हे एंडोसल्फान तेव्हा राजरोस मिळत होतं. सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी घातली ती २०११ मध्ये. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. कुणाच्या पोटात असं काही गेलंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडायचं नाही; अंगावरचे कपडे काढायचे, कातडी साबणानं धुवायची आणि बाटली, डबा, निदान त्यावरचा कागद सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा.

आपल्या भाषेत या वस्तूला 'औषध' म्हणतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खुपलं. औषध मारलं, औषध फवारलं, औषध सोडलं. वर्तमानपत्रात तर 'विषारी औषध प्राशन करून' हे शब्द आपण इतक्यांदा वाचले आहेत, की त्यातलं विचित्रपण जाणवेनासं झालं आहे. आमच्या लहानपणी एन्ड्रिन हे नाव खेड्यात भुताखेतासारखं हळू आवाजात घेतलं जाई. त्याच्यावर १९९० मध्ये बंदी आली. मुंग्यांसाठी घरोघर ओळीनं टाकली जाणारी बीएचसी, म्हणजे आपली गॅमॅक्सीन पावडर, १९९७ मध्ये गेली. नावं बदलली, शब्द मात्र औषधच राहिला.

शहरातल्या बागेतली खतं-औषधं म्हटलं, की पुण्या-मुंबईच्या माणसाला नर्सरीतली रंगीत पुडकी आठवतात. जळगाव-धुळ्याची गोष्ट वेगळी आहे. इथं कॉलनीतल्या बहुतेक घरांचं कुठं ना कुठं वावर आहे. यावल-रावेरला केळी, अमळनेर-चोपड्याला, शिरपूर-शिंदखेड्याला कपाशी. सासरचं नसेल तर माहेरचं, माहेरचं नसेल तर मेहुण्याचं. त्यामुळं आमच्या परसबागेत जे पडतं ते दुकानातून येत नाही, वावरातून येतं. उरलेलं, सुटं, दुसऱ्याच बाटलीत भरलेलं. कागद, मापं, इशारे सगळं तिकडंच राहतं. एकरासाठी बनवलेली वस्तू सात कुंड्यांसाठी येते.

वावरात तरी ती जपून वापरली जाते का? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. माणसापेक्षा उंच वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांची मिसळ, अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. आपल्या खानदेशात काही वेगळं चित्र नाही. आणि तेच औषध आपण घरी आणल्यावर तर रुमालही बांधत नाही. बाई नळाशी उभी राहून बादलीत ते हातानंच ढवळते, मग पदराला हात पुसून पोळ्या लाटायला जाते. मी केलं आहे हे, म्हणून लिहिते.

मापाची गोष्ट माझ्या भाच्यानं मला शिकवली. तो धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकत होता. सुट्टीत आला असता मी गुलाबाच्या कुंडीत मूठभर युरिया टाकताना त्यानं पाहिलं आणि माझा हात धरला. "आत्या, हिशेब कर," म्हणाला. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते. ती एक गोणी एका एकरावर, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटरवर पसरली, तर एका चौरस मीटरला ११ ग्रॅम येतात. बारा इंची कुंडीचं तोंड केवढं? चौरस मीटरचा चौदावा हिस्सा. म्हणजे तिच्या वाट्याला एक ग्रॅमसुद्धा येत नाही, चिमूटभर. आणि माझ्या मुठीत होते चाळीसेक ग्रॅम. "कपाशीला कोणी एका एकरात पन्नास गोण्या टाकतो का?"

मी ओशाळले. मूठ ही आपल्याकडे मायेची मापपट्टी आहे. पाहुण्याला वाढताना हात आखडायचा नसतो, मग झाडालाच का आखडायचा? पण खत म्हणजे शेवटी क्षार. मातीत ते दाट झाले, की मुळांना पाणी घेता येत नाही, उलट मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. पानांच्या कडा करपतात. त्या पाहून आपण म्हणतो, खत कमी पडलं, आणि आणखी एक मूठ टाकतो.

झाड यातून वाचलं तर दुसरीच कथा. नत्राच्या भरानं लुसलुशीत, रसाळ, गर्द पालवी फुटते. आपल्याला ती बघून समाधान वाटतं आणि माव्याला आपल्याहून जास्त. कोवळ्या रसावरच त्याचं पोट. म्हणजे माझ्या गुलाबावर २००६ मध्ये जो मावा आला, त्याला पानसुपारी देऊन मीच बोलावलं होतं. आणि मग त्याला घालवायला भावाकडून बाटली आणली होती. हे लक्षात यायला मला इतकी वर्षं लागली.

झाडानं न घेतलेला युरिया पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि नायट्रेट होऊन बोअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं असं मानक आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या काही विहिरींत ते याहून अधिक आढळल्याच्या नोंदी केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत आहेत. त्याचा मुख्य भार शेतांचा आणि सांडपाण्याचा. आपल्या चार कुंड्यांनी विहीर बिघडत नाही हे खरं. पण ज्या बंगल्यांत हिरवळ राखली जाते आणि दर महिन्याला तिच्यावर युरिया विस्कटून वर पाइप सोडला जातो, तिथं बोअर बहुधा त्याच हिरवळीच्या कोपऱ्यात असतो. नायट्रेट पाणी उकळून जात नाही, आटल्यानं उलट दाट होतं. तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात ते पाणी गेलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. (पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हिरवळ कशाला पाहिजे, हा माझा खवचट प्रश्न मी इथं गिळते.)

उन्हाचं निघालं म्हणून सांगते. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पानं करपतात, गळतात, झाड मलूल होतं. तो रोग नसतो, तो जळगावचा उन्हाळा असतो. त्यावर फवारा मारला, तर भाजल्या अंगावर तिखट. त्या दिवसांत खत नाही, औषध नाही. दुपारची सावली, मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. तसंच लिंबाची, गुलाबाची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर ती युरियाची भूक नव्हे. आपली काळी जमीन चुनखडीची. तिच्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिमूटभर हिराकस मुरलेल्या शेणखतात कालवून दिलं, की पुढची पालवी बहुधा हिरवी येते. आधी झाडाला काय झालंय ते बघावं, मग हात उचलावा. एवढं तर आपण शिंकणाऱ्या मुलाच्या बाबतीतही करतो.

आता वांग्याकडं वळते, कारण खानदेशात राहून वांगं टाळता येत नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी आम्ही ते मानांकनाशिवायच खात होतो. थंडी पडली, की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरव्या मिरचीनं ठेचायची आणि कळण्याच्या पुरीबरोबर अंगतपंगत. एका डिसेंबरात शेजारच्या काकांनी त्यांच्या अंगणातली चार टपोरी वांगी आणून दिली. कौतुकानं म्हणाले, "कीड अजिबात सापडणार नाही. काल संध्याकाळीच औषध मारलंय!"

मी वांगी घेतली. नाही कसं म्हणणार? आणि नंतर कुणालाही न सांगता टाकून दिली. चांगलं वांगं टाकताना जीव तुटला.

काकांचं गणित उलटं होतं. प्रत्येक औषधाच्या पत्रकात फवारणीनंतर किती दिवस फळ तोडू नये ते छापलेलं असतं. कुठं दोन-तीन दिवस, कुठं काही आठवडे. दुकानासाठी पिकवणारा शेतकरी ते पाळतो की नाही याची आपण काळजी करतो, आणि घरी मात्र संध्याकाळी फवारून सकाळी भाजी तोडतो. काही औषधं तर भाजीपाल्यासाठी नाहीतच. मोनोक्रोटोफॉसला भाज्यांवर बंदी आली ती २००५ मध्ये. २०२३ मध्ये त्याच्या ३६ टक्क्यांच्या द्रवरूपावर सरसकट बंदीचा आदेश निघाला. पण कपाशीसाठी घेतलेलं ते बरीच वर्षं कोठ्यांत होतं, आणि कोठीतून वांग्यावर जायला कितीसा वेळ?

वांग्याच्या शेंड्यात आणि फळात शिरणाऱ्या अळीवर घरच्या सात-आठ रोपांत औषधाची गरजच नसते. शेंडा मान टाकताना दिसला, की तो दोन बोटं खालून खुडायचा आणि चिरून बघायचा. आत अळी बसलेली असते. ती मारायची. किडकं फळ झाडावर ठेवायचं नाही, मातीतही टाकायचं नाही. दहा एकरांत हे परवडत नाही, अंगणात चहाच्या कपाबरोबर होतं. गुलाबावरच्या माव्याला पाण्याची जोरदार धार पुरते. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं. सगळ्यांवर म्हणून आषाढात निंबाखालच्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवते. भरडलेल्या ५० ग्रॅम निंबोळ्या रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर पाणी करायचं, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा आणि त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर फवारायचं. माशी-मधमाश्या तोवर परतलेल्या असतात. त्या फुलांवर असताना काहीही फवारलं, की लिंबू आणि दुधी भोपळा रुसतात.

मात्र घरगुती म्हणजे निरुपद्रवी, या भ्रमात राहू नये. आजीच्या काळचा तंबाखूचा काढा किडीला मारतो, कारण निकोटीन हे विष आहे. ते कातडीतूनही अंगात जातं.

आणि विकतचंच घ्यावं लागलं तर? मग मूळ बाटली बंद असलेलीच घ्यावी, लहानात लहान. तिच्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो, खालच्या अर्ध्यात रंग भरलेला. लाल म्हणजे अतिजहाल, खाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल आणि पिवळा उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये असं माझं मत आहे. मग माप. समजा, दहा लिटरला १५ मिली असं लिहिलं आहे. म्हणजे आपल्या एक लिटरच्या हातफवाऱ्याला दीड मिली. झाकणानं मोजलं तर पाच मिली पडतात, तिपटीहून जास्त. औषधाच्या दुकानात सुई नसलेली सिरिंज मिळते. ती या कामासाठी वेगळी, खूण करून ठेवावी. आणि सगळं कुलपात. हे कुलूप फक्त लहान मुलांसाठी नसतं. घरात मोठं माणूसही एखाद्या वाईट रात्री काय करील सांगता येत नाही, आणि खानदेशात हे कुणाला समजावून सांगायला नको.

बाटली बदलण्याचं तर नावच नको. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. तपासात तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं; कीटकनाशकाच्या डब्यात तेल ठेवलं गेलं होतं असं पुढं आलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी स्वयंपाकघरातली प्रत्येक बाटली काढून तिचा पूर्वेतिहास आठवत बसले होते. माझा तर गुन्हा उलट्या दिशेचा होता. माणसाच्या औषधाच्या बाटलीत मी झाडाचं विष ठेवलं होतं.

भावाची ती बाटली मी पुढच्या खेपेला त्याच्याच हाती परत दिली. मोरीत ओतावी असं घरात एकदोघांचं मत होतं. पण मोरी नाल्याला, नाला नदीला. भावानं ती निमूट घेतली. आता तो पिशवीत निंबोळ्या पाठवतो, कधी गांडूळखत. फवारताना हातमोजे घालतो असं फोनवर सांगतो. वहिनी मागून म्हणते, "कधी कधी."

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना मला एक जुना पत्र्याचा डबा सापडला. आत अर्धी पुडी थिमेटची, कुंडीतल्या वाळवीसाठी कुणीतरी आणलेली, आणि फॉलिडॉलची पावडर. दोन्ही आता बंद. फॉलिडॉल म्हणजे मिथाइल पॅराथिऑन. त्याची बंदी २०१८ ची. त्याच आदेशात कार्बारिलही गेलं. भोपाळच्या कारखान्यात १९८४ च्या डिसेंबरात जे घडलं ते याच कार्बारिलसाठी साठवलेल्या वायूमुळं. थिमेट, म्हणजे फोरेट, ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद झालं. आमच्या माळ्याला यातलं काही कळलं नव्हतं.

कीटकनाशकांचे डबे हा घरगुती घातक कचरा, तो वेगळा गोळा करावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतं. म्हणून मी डबा दोन पिशव्यांत बांधला, वर मोठ्या अक्षरांत 'विष' असं लिहिलं आणि सकाळी घंटागाडीशी जाऊन उभी राहिले. गाडीवरच्या पोरानं अक्षरं वाचली. डबा हातात न घेता, माझ्याकडं आणि गाडीच्या दोन कप्प्यांकडं आळीपाळीनं बघत त्यानं विचारलं, "आजी, हे ओल्यात टाकायचं का सुक्यात?"

डबा अजून माझ्याकडंच आहे. वरच्या कपाटात, कुलपात.